छायालेखनाचा छंद : साधन कोणतें, साधना कोणती?

परीक्षा संपून सुटी लागली कीं पुष्कळ घरांतून एक संवाद ऐकूं येतो. मुलगा म्हणतो, "बाबा, मला कॅमेरा घेऊन द्या." वडील म्हणतात, "अरे, हातांत फोन आहे तो काय थोडा झाला?" मुलगा शेजारच्या मित्राच्या कॅमेऱ्याचे गुण वर्णन करूं लागतो, वडील महिन्याच्या खर्चाचा हिशेब करूं लागतात, आणि बहुधा दोघेही असमाधानानें जेवावयास बसतात. ह्या वादांत कोणाचा पक्ष बरोबर, हें ठरविण्यापूर्वीं कॅमेरा म्हणजे काय, तो कोणतें काम करितो व कोणतें काम करूं शकत नाहीं, हें दोघांनींही समजून घेतलेलें बरें. त्या समजुतीस थोडें साह्य व्हावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम माझ्याच फजितीची हकीकत सांगतों. कित्येक महिने पैसे साठवून मीं एक बरासा कॅमेरा घेतला होता. त्याच वर्षीं चुलत बहिणीचें लग्न निघालें. गुडघ्यांच्या दुखण्यामुळें आमची आजी सहसा गांव सोडीत नसे. पण नातीच्या लग्नासाठीं ती आली. सीमांतपूजनाच्या संध्याकाळीं कार्यालयांतील मंद दिव्यांखालीं तिनें नातीस जवळ घेऊन कपाळीं कुंकू लावलें, आणि त्या वेळीं मीं एकामागून एक चौदा चित्रें टिपलीं. घरीं येऊन पाहतों तों चौदाही पुसट! आजीचा हात म्हणजे धुराची एक रेघ आणि चेहरा जणूं पाण्यांत विरघळलेला. पुढील आषाढांत आजी गेली. तिचें व त्या बहिणीचें एकत्र असें दुसरें चित्र आमच्या घरीं नाहीं.

त्या रात्रीं मीं कॅमेऱ्यास दोष दिला. याहून महाग कॅमेरा असता तर असें न होतें, असेंही मनाशीं म्हटलें. पुढें शास्त्र थोडें वाचल्यावर कळलें कीं, कॅमेरा निर्दोष होता. ज्या तीन कळा माझ्या बोटांखालीं होत्या, त्यांचा अर्थच मला ठाऊक नव्हता. तो अर्थ असा.

कॅमेरा ही मुळांत एक अंधारी पेटी आहे. तिच्या एका बाजूस प्रकाश आंत येण्याचें छिद्र, व समोरच्या बाजूस प्रकाशाचा परिणाम ज्यावर होतो असा पडदा. पूर्वीं हा पडदा म्हणजे रासायनिक लेप दिलेली कांच किंवा फिल्म असे. आतां बहुतेक कॅमेऱ्यांत त्या जागीं विद्युत्‌संवेदक असतो. छिद्रापाशीं भिंग बसविलेलें असतें, तें विखुरलेले किरण एकत्र आणून पडद्यावर स्पष्ट आकृति उमटवितें. पडद्यावर किती प्रकाश पडावा व त्याची नोंद कशी व्हावी, हें तीन गोष्टींवर अवलंबून असतें : छिद्राचा आकार, छिद्र किती वेळ उघडें राहतें तो काल, आणि पडद्याची संवेदनक्षमता.

नळाखालीं भांडें भरण्याचा दाखला घ्या. नळ जितका अधिक मोकळा सोडावा, तितकें पाणी लवकर भरतें; हें झालें भिंगाचें छिद्र. नळ किती वेळ चालूं ठेविला, हा झाला शटरचा काल. आणि भांडें केवढें आहे, ही झाली संवेदनक्षमता, जिला छायालेखक आय.एस.ओ. म्हणतात. ही संख्या वाढविणें म्हणजे घागरीऐवजीं तांब्या नळाखालीं धरणें होय. तांब्या झटकन्‌ भरतो, परंतु हातीं पाणीही थोडेंच येतें. त्याचप्रमाणें हा अंक वाढविला असतां कमी प्रकाशांतही चित्र उजळ दिसतें, पण मुळांत प्रकाशच थोडा गोळा झाल्यामुळें चित्रांत रवाळपणा येतो.

भिंगाच्या छिद्राचे अंक प्रथम विचित्र वाटतात : १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. ह्यांत अंक जितका मोठा, तितकें छिद्र लहान! कारण हा अंक म्हणजे भिंगाच्या नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासानें भागून आलेला भागाकार होय. ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाचें छिद्र २५ मिलिमीटर असेल तर अंक २. साडेबारा मिलिमीटर असेल तर अंक ४. व्यास निम्मा झाला कीं क्षेत्रफळ एक चतुर्थांश होतें, हें भूमितींत आपण शिकलांच आहां. म्हणून वरील मालिकेंत एकेक पायरी पुढें गेलें असतां प्रकाश बरोबर निम्मा होतो. शटरचे कालही असेच निमपटीनें उतरतात : एका सेकंदाचा ६० वा भाग, १२५ वा, २५० वा, ५०० वा, १००० वा. एका बाजूनें एक पायरी वाढविली व दुसऱ्या बाजूनें एक पायरी कमी केली, तर एकंदर प्रकाश तितकाच राहतो.

जुन्या छायालेखकांचा एक सोपा नियम ह्या हिशेबावरच उभा आहे. स्वच्छ उन्हांत छिद्राचा अंक १६ ठेवावा, व फिल्मची संवेदनक्षमता जितकी असेल, सेकंदाच्या तितकाव्या भागापर्यंत शटर उघडावें. संवेदनक्षमता १०० असेल तर शटरचा जवळचा काल १/१२५ सेकंद. हेंच चित्र अंक ११ व १/२५० सेकंद, किंवा अंक ८ व १/५०० सेकंद ह्या जोडीनेंही तितकेंच उजळ येईल.

मग कोणतीही जोडी घ्यावी काय? नाहीं, कारण प्रत्येक कळ प्रकाशाखेरीज दुसरेंही एक काम करिते. मोठ्या छिद्रानें भिंगाच्या नेमक्या रोखावरील वस्तु तेवढी स्पष्ट येते व पुढील-मागील सर्व कांहीं विरळ होतें; लहान छिद्रानें जवळचें व दूरचें दोन्ही बरेंच स्पष्ट येतें. शटरचा काल अल्प असेल तर धांवणारा घोडाही जागच्या जागीं थिजतो. काल दीर्घ असेल तर चालणारा माणूससुद्धां पुसट होतो.

आतां माझ्या चौदा चित्रांचा न्याय करूं. माझ्या भिंगाचा अंक त्या वेळीं ५.६ होता, संवेदनक्षमता मीं ४०० च ठेविली होती, कारण ती वाढविली कीं चित्र रवाळ होतें एवढें अर्धवट ज्ञान मला होतें. आणि शटर उघडें राहत होतें सेकंदाचा पंधरावा भाग. तेवढ्या वेळांत आजीचा हात कपाळापर्यंत सरकत होता, आणि माझाही हात कांपत होता. हातांत कॅमेरा धरून काढलेलें चित्र न हलावें म्हणून शटरचा काल, नाभीय अंतराच्या अंकानें एक सेकंदास भागून येईल त्याहून अधिक नसावा, असा ढोबळ संकेत आहे. ५० मिलिमीटरच्या भिंगास सेकंदाचा पन्नासावा भाग ही मर्यादा. आणि संवेदक लहान असल्यास ती याहूनही कडक धरावी. मीं तो संकेत साफ मोडीत होतों. संवेदनक्षमता ४०० ची १६०० केली असती तर शटरचा काल १/६० सेकंदावर आला असता. अंक १.८ चें साधें भिंग जवळ असतें तर ५.६ च्या मानानें सुमारें साडेनऊ पट प्रकाश आंत आला असता, व तीच संवेदनक्षमता ठेवूनही काल १/१२५ सेकंदाच्या आसपास गेला असता. चित्र थोडें रवाळ आलें असतें, पण आजी ओळखूं आली असती. रवाळ चित्र मनुष्य भिंतीवर लावतो. पुसट चित्र कोणी लावीत नाहीं.

ह्यावरून साधनें कोणतीं निवडावीं, ह्याचें उत्तर बरेंचसें मिळतें.

पहिली गोष्ट ही कीं, आरंभ घरांत असलेल्या साधनानेंच करावा. आजच्या अनेक फोनांत शटरचा काल व संवेदनक्षमता हातानें ठरविण्याची सोय असते. चौकट कशी धरावी, प्रकाश कोठून येतो, पाठीमागें काय आहे, हें सर्व फोनावर शिकतां येतें. सहा महिने नियमानें हा अभ्यास केल्यावर फोन कोठें अपुरा पडतो हें जो मुलगा नेमकेपणानें सांगूं शकेल, त्याच्या मागणीकडे पालकांनीं अवश्य लक्ष द्यावें. "मित्राजवळ आहे" हें कारण नव्हे. "मंद प्रकाशांत माझीं चित्रें रवाळ येतात", "दूरचा पक्षी मला टिपतां येत नाहीं" हीं कारणें होत.

दुसरी गोष्ट, ठिपक्यांच्या संख्येस भुलूं नये. जाहिरातींत कोटींच्या भाषेनें ही संख्या सांगतात. परंतु ८ इंच रुंद व १२ इंच लांब असें उत्तम छापील चित्र काढावयास दर इंचीं ३०० ठिपके धरले तरी एकंदर ८६ लक्ष ४० हजार ठिपके पुरतात. आणि एवढे ठिपके जुन्या, वापरलेल्या कॅमेऱ्यांतही मिळतात. संख्येपेक्षां संवेदकाचा आकार अधिक महत्त्वाचा. ३६ × २४ मिलिमीटर हें प्रसिद्ध माप ऑस्कर बार्नाक ह्यांच्या लायका कॅमेऱ्यामुळें रूढ झालें. सिनेमाच्या फिल्मवर चालणारा हा लहान कॅमेरा १९२५ सालीं बाजारांत आला. आज हौशी लोकांच्या पुष्कळ कॅमेऱ्यांतील संवेदक सुमारें २३.५ × १५.६ मिलिमीटरचा असतो, आणि फोनांतील त्याहून पुष्कळच लहान. लहान पडद्यावर एकंदर प्रकाश कमी जमा होतो. म्हणून अंधारांत त्याची दमछाक होते. भर उन्हांत मात्र हा भेद सामान्य डोळ्यास क्वचितच जाणवतो.

तिसरी गोष्ट, पेटीपेक्षां भिंगावर खर्च करावा. पेटी थोड्या वर्षांत जुनी ठरते, चांगलें भिंग मात्र पुष्कळ वर्षें टिकतें. ५० मिलिमीटरचें, अंक १.८ चें, नाभीय अंतर न बदलणारें भिंग बहुधा सर्वांत स्वस्त असतें व सर्वांत अधिक शिकवितें. त्यांत दूरचें जवळ आणण्याची सोय नसल्यामुळें छायालेखकास स्वतःचे पाय हलवावे लागतात, आणि पायांनीं हललेला मनुष्य डोळ्यांनींही अधिक पाहतो.

वापरलेलें साधन घेण्यांत कांहीं कमीपणा नाहीं. मात्र तें पारखून घ्यावें. भिंग उजेडाकडे धरून आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसतात काय तें पहावें. ती बुरशी होय. शटर सर्व गतींवर चालवून पहावें. छिद्राचा अंक १६ ठेवून पांढऱ्या भिंतीचें चित्र काढावें. संवेदकावरील धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपानें लगेच उघडी पडते. आपल्या कोंकणपट्टींतील पावसाळा भिंगांचा मोठा शत्रु आहे. चामड्याच्या पिशवींत महिनोन्‌महिने बंद ठेविलेल्या भिंगास दमट हवेंत बुरशी धरते. घट्ट झांकणाच्या डब्यांत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह तें ठेवावें, आणि अधूनमधून वापरावें. ह्यास खर्च अगदीं थोडा येतो. चौथें साधन म्हणजे एक भक्कम तिपाई. ह्यापलीकडे नवशिक्यास कांहींही नको.

आतां साधनेकडे वळूं. खालील प्रयोग करून पहा, आणि प्रत्येक वेळीं तीन अंक व वेळ वहींत टिपून ठेवा.

पहिला प्रयोग बिनपैशांचा. बुटांचें खोकें घ्या. त्याच्या एका टोकास चौकोन कापून पातळ धातूचा पत्रा बसवा व त्यास सुईनें सुमारें अर्ध्या मिलिमीटरचें स्वच्छ भोंक पाडा. त्यापासून पंधराएक सेंटिमीटरवर, खोक्याच्या आंत, तेलकट पारदर्शक कागदाचा पडदा लावा. डोक्यावर काळें कापड घेऊन उन्हांतील झाडाकडे रोखा. कागदावर तें झाड उलटें, पण पुरतें रंगीत दिसेल. किरण सरळ रेषेंत जातात, म्हणून शेंड्यावरचे किरण भोंकांतून खालीं उतरतात व बुंध्याचे वर चढतात. कॅमेऱ्याचें सारें तत्त्व ह्या खोक्यांत आहे.

दुसरा प्रयोग छिद्राचा. तीन तांबे एका तिरक्या ओळींत, कॅमेऱ्यापासून एक, दोन व तीन मीटर अंतरावर ठेवा. मधल्यावर रोख धरून अंक २, ८ व १६ अशीं तीन चित्रें काढा. मागचा-पुढचा तांब्या कसा हळूहळू उलगडत येतो, तें पहा. फोनांत हें छिद्र बहुधा एकाच आकाराचें असतें, म्हणून ह्या प्रयोगास कॅमेराच लागतो.

तिसरा प्रयोग गतीचा. नळाची धार, ओढ्याचें पाणी किंवा किनाऱ्यावरील लाट घ्या. १/१००० सेकंदांत पाण्याचे थेंब मोत्यांसारखे सुटे दिसतील. तिपाईवर कॅमेरा ठेवून शटर एक-दोन सेकंद उघडें ठेविल्यास तेंच पाणी धुक्यासारखें होईल. मग रस्त्याच्या कडेस, रहदारीपासून दूर उभे राहून सायकलस्वाराचें चित्र १/३० सेकंदानें काढा. मात्र कंबरेपासून वळत कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवा. स्वार बराच स्पष्ट व पाठीमागील भिंती ओढल्यासारख्या येतील. पहिलीं वीस चित्रें फसतील, एकविसावें साधेल.

चौथा प्रयोग प्रकाशाचा, आणि तोच सर्वांत मोलाचा. आपल्या भावंडास एकाच जागीं सकाळीं सातास, दुपारीं बारास व सायंकाळीं पांचास उभें करा. मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस मध्यान्हींचा सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो. वर ढग नसतील तर डोळ्यांच्या खोबणींत काळी सावली पडते व चेहरा दमलेला दिसतो. सूर्य क्षितिजाजवळ असतां किरणांस वातावरणांतून अधिक अंतर तोडावें लागतें. वाटेंत निळा प्रकाश विखुरतो व उरलेला सोनेरी प्रकाश बाजूनें चेहऱ्यावर येतो. भर दुपारीं चित्र काढणें भागच असेल तर त्या व्यक्तीस घरांत खिडकीजवळ बसवा आणि दुसऱ्या बाजूस पांढरी चादर धरा.

पांचवा प्रयोग रात्रीचा, मोठ्या माणसांच्या सोबतीनें करावयाचा. थंडींतील निरभ्र रात्रीं, दिव्यांपासून दूर, कॅमेरा तिपाईवर उत्तरेकडे रोखा. मुंबईच्या बाजूस ध्रुव क्षितिजापासून सुमारें १९ अंश उंचीवर सांपडतो. तीस-तीस सेकंदांचीं चित्रें एक तासभर काढून संगणकावर एकमेकांवर ठेविलीं, तर प्रत्येक तारा ध्रुवाभोंवतीं १५ अंशांचा कंस काढतांना दिसेल. पृथ्वी फिरते हें आपण पाठ केलेलें असतें. येथें तें डोळ्यांना दिसतें.

दोन सूचना विसरूं नका. भिंगांतून थेट पाहण्याच्या कॅमेऱ्यानें सूर्याकडे कधींही पाहूं नये; क्षणार्धांत डोळा कायमचा जाऊं शकतो. आणि कोणाही मनुष्याचें चित्र त्याच्या संमतीवांचून काढूं नये. गरिबाच्या दारिद्र्याचें किंवा दुःखिताच्या अश्रूंचें चित्र "छान आलें" म्हणून मिरविणें हें सुजनाचें काम नव्हे.

हा छंद आपल्याकडे परका नाहीं. लुई दागेर ह्यांची पद्धति पॅरिस येथें १८३९ सालीं जगजाहीर झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांनीं, १८५४ सालीं, मुंबईंत छायालेखकांची संस्था स्थापन झाली. पुढें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) ह्यांनीं स्वातंत्र्याच्या उदयकालाचीं चित्रें टिपून भारतांतील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून कीर्ति मिळविली. त्यांनीं वापरलेल्या कॅमेऱ्यांपैकीं रोलीफ्लेक्समध्यें एका गुंडाळीवर बाराच चित्रें मावत, आणि तीं कशीं आलीं हें धुतल्यावांचून कळत नसे. चित्र विजेच्या संवेदकानें टिपणारा पहिला हातीं धरण्याजोगा कॅमेरा स्टीव्हन सॅसन ह्यांनीं अमेरिकेंत १९७५ सालीं बनविला; त्यास एक चित्र नोंदविण्यास २३ सेकंद लागत आणि त्यांत ठिपके होते केवळ दहा हजार. आज आपल्या खिशांतील यंत्र क्षणांत शंभर चित्रें घेतें, आणि म्हणूनच त्यांतील एकाकडेही आपण नीट पाहत नाहीं.

ह्यावर उपाय सोपा आहे. आठवड्यांतून एक दिवस स्वतःस बाराच चित्रांची मर्यादा घाला. बारा संपलीं कीं कॅमेरा बंद. प्रत्येक वेळीं कळ दाबण्यापूर्वीं मनास तीन प्रश्न विचारा : मला काय दाखवावयाचें आहे? प्रकाश कोठून येतो आहे? काय हलतें आहे? सायंकाळीं तीं बारा चित्रें घरच्यांसमोर ठेवा, व त्यांतील एक छापून घ्या.

पालकांसही एक विनंति आहे. मुलास कॅमेरा घेऊन द्या अथवा देऊं नका, परंतु त्याच्या पहिल्या बारा चित्रांसाठीं स्वतः वेळ काढून खिडकीजवळ बसा. त्या चित्रांत नाक तिरपें येईल, डोकें कापलें जाईल. तरी तीं जपून ठेवा. घरांतील वडील माणसांस तर आधीं बसवा. भिंग पुढल्या वर्षीं याहून चांगलें मिळेल, संवेदक याहून मोठा मिळेल; परंतु खिडकीजवळ बसलेली आजी पुढल्या वर्षीं असेलच, असें कोणी सांगावें? ह्या सुटींत तिच्यापाशीं जा, शटरचा काल पहा, श्वास रोखा आणि मग कळ दाबा.